प्रबंध उरतो, डेटा हरवतो

पुणे-लोणावळा लोकलने वडगाव सोडले की पुढचे स्थानक कान्हे. कान्हे फाट्यावरून एक रस्ता टाकव्याकडे, आंदर मावळात जातो. शेजारच्या साते गावात २०२३ मध्ये पिंपरी चिंचवड विद्यापीठ सुरू झाले. वडगावला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे भातावर काम करणारे संशोधन केंद्र आहे. तळेगावला अभियांत्रिकी, वैद्यकीय आणि कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालये आहेत, तर लोणावळ्याला कैवल्यधाम. तळेगाव ते लोणावळा या सहा स्थानकांच्या पट्ट्यात कुणी इंद्रायणीच्या पाण्याचे नमुने घेते, कुणी भातखाचरातली माती तपासते. कुणी कातकरी वस्त्यांमधल्या मुलांच्या शाळेचा प्रश्न घेऊन येते, कुणी कंत्राटी कामगारांच्या मुलाखती घेते. या सगळ्यांचे प्रबंध आणि निबंध पुढे कुठे ना कुठे वाचायला मिळतात. मात्र त्यांनी भरून घेतलेल्या प्रश्नावल्या, मुलाखतींची ध्वनिमुद्रणे, उपकरणातून निघालेल्या फायली, मोजमापांच्या वह्या, छायाचित्रे, नकाशे, म्हणजे एका शब्दात डेटा, बहुतेक वेळा मिळत नाही. तो सांभाळण्याचे काम कोणाचे, आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाने त्यात काय करायचे, याचा हा आढावा आहे.

डेटा हरवतो म्हणजे तो कुणी फेकून देते असे नाही. संशोधकाचा लॅपटॉप बदलतो. पेनड्राइव्ह उघडेनासा होतो. गुगल ड्राइव्हचे खाते महाविद्यालयाच्या ईमेलवर असते आणि नोकरी बदलली की ते बंद होते. मार्गदर्शक निवृत्त होतात आणि विभागातले कपाट नव्या प्राध्यापकांसाठी रिकामे केले जाते. या क्षयाचा वेगही मोजला गेला आहे. टिमथी व्हाइन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वनस्पती व प्राण्यांवरचे, २ ते २२ वर्षे जुने ५१६ शोधनिबंध घेतले आणि लेखकांकडे मूळ डेटा मागितला. २०१४ साली ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात आलेला त्यांचा निष्कर्ष असा की, डेटा असण्या-नसण्याचे गुणोत्तर निबंधाच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे १७ टक्क्यांनी खाली येते. लेखकाचा चालू ईमेल पत्ता सापडण्याची आशाही वर्षागणिक घटत जाते. हे निबंध नामांकित नियतकालिकांतले होते. तालुक्याच्या ठिकाणी, एका ग्रंथपालाच्या भरवशावर चालणाऱ्या महाविद्यालयात झालेल्या संशोधनाचे काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे प्रबंध सांभाळण्याची व्यवस्था मात्र चांगली उभी राहिली आहे, आणि तिचे श्रेय ग्रंथालयांचे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांनी प्रबंधाची संगणकीय प्रत देणे बंधनकारक केले. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने ‘शोधगंगा’ उभारली आणि आज तिथे ५ लाखांहून अधिक प्रबंध कुणालाही वाचता येतात. पंचवीस वर्षांपूर्वी पुण्यात झालेला प्रबंध नांदेडच्या विद्यार्थ्याला पाहायचा असेल तर प्रवासखर्च आणि ओळखपत्र दोन्ही लागत. आज तो त्याच्या मोबाइलवर उघडतो. फायली चढवणे, मथळे नीट भरणे, विभागांकडून सीडी मागवणे, पुन्हा मागवणे, हे किचकट काम देशभरच्या विद्यापीठ ग्रंथालयांतल्या लोकांनी केले. ग्रंथालयांना हे झेपते, हे त्यातून सिद्ध झाले.

पण या व्यवस्थेची नजर शब्दांवरच आहे. आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांनी साम्य १० टक्क्यांपर्यंत चालेल, त्यापुढे पायऱ्यापायऱ्यांनी कारवाई, अशी चौकट घालून दिली. २०१९ पासून ‘शोधशुद्धी’ योजनेतून विद्यापीठांना साम्य तपासणारे सॉफ्टवेअर मिळू लागले. प्रबंध सादर करण्याआधी त्याचा अहवाल घ्यायचा, त्यावर सह्या घ्यायच्या, हे आता प्रत्येक पीएच.डी. विद्यार्थ्याला पाठ झाले आहे. त्याच प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणातली कोष्टके ज्या तीनशे प्रश्नावल्यांवर उभी आहेत त्या कुठे आहेत, असे मात्र त्याला कोणी विचारत नाही. वाक्य उसने असेल तर यंत्र पकडते. आकडा चुकला असेल, किंवा कधी मोजलाच गेला नसेल, तर तपासायला काही हातात नसते. संशोधनाच्या सचोटीची एवढी चर्चा करणाऱ्या व्यवस्थेत ही मोठी फट आहे, आणि ती आपल्याला खुपत नाही याचे मला अधिक दुःख वाटते.

पीएच.डी.च्या अभ्यासक्रमातही तेच दिसते. २०१९ अखेर आयोगाने ‘संशोधन आणि प्रकाशन नीती’ हा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. तो घडवण्यात पुण्याच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा मोठा वाटा होता. त्याच्या सहा घटकांत तत्त्वज्ञान व नीती, वैज्ञानिक आचरण, प्रकाशनाची नीती, मुक्त प्रकाशन, प्रकाशनातले गैरप्रकार असे विषय येतात. सहावा घटक डेटाबेस आणि संशोधनाची मोजमापे असा आहे, पण तिथले डेटाबेस म्हणजे निबंधांच्या सूची देणाऱ्या सेवा. स्वतःचा डेटा कसा नोंदवावा, कसा ठेवावा आणि कोणाला द्यावा, यासाठी स्वतंत्र घटक नाही. आकड्यांत फेरफार करू नये हे विद्यार्थ्याला शिकवले जाते, आकडे जपायचे कसे हे त्याचे त्याने शोधायचे असते.

आणि डेटाची ही हेळसांड पुण्यात व्हावी याचे वाईट वाटते, कारण डेटा म्हणजे काय हे या शहराला संगणकाच्या कितीतरी आधी कळले होते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरोघर, शेतोशेत पाहणी केली आणि ती १९१७ साली प्रसिद्ध केली. पेशवाईतल्या नोंदींशी ताडून त्यांनी दाखवले की १७७१ मध्ये सरासरी ४० एकर असलेले खातेदाराचे क्षेत्र १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आले होते. हे विधान आज शंभर वर्षांनीही तपासता येते, कारण दोन्ही टोकांच्या नोंदी कुणीतरी जपल्या. तिथे आज इमारतींची रांग आहे. ती उभी राहण्याआधीचे शिवार कसे होते याचा इतका तपशीलवार पुरावा फार थोड्या उपनगरांजवळ असेल. पुढे गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी वाई तालुक्यातली शेती आणि पुणे शहर यांच्या पाहण्या केल्या, त्याच धर्तीवर. डेक्कन कॉलेजात १९४८ साली संस्कृतच्या ऐतिहासिक महाकोशाचे काम सुरू झाले आणि सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी शब्दपत्रे तयार झाली. प्रत्येक पत्रावर शब्द, त्याचा ग्रंथ, त्यातले नेमके स्थळ. कोशाचे खंड हळूहळू निघत आहेत, पण ती शब्दपत्रे हाच स्वतंत्र ठेवा आहे. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना १,२५९ हस्तलिखिते ताडून पाहिली आणि पाठभेद पानोपानी तळटीपांत छापले. ज्याला संपादकांचा निर्णय पटत नाही तो तळटिपांतून दुसरा पाठ उचलू शकतो. मूळ सामग्री वाचकासमोर ठेवूनच निष्कर्ष मांडायचा, ही शिस्त आज जगभर ज्याचा आग्रह धरला जातो तीच आहे.

लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली या योगक्रिया करताना पोटात किती ऋण दाब निर्माण होतो, क्ष-किरणाखाली काय दिसते, हे त्यात मोजमापांसह छापले जाई. मावळातले प्रयोगशाळेतले संशोधन शंभर वर्षांपूर्वीपासून आहे, आणि त्याची सुरुवातच मोजमापे लोकांपुढे मांडण्यापासून झाली.

या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. सांभाळणे हे तिथे कुणाचे तरी नेमून दिलेले काम होते. शब्दपत्रांसाठी स्वतंत्र दालन होते, त्यावर माणसे होती, क्रम लावण्याची पद्धत ठरलेली होती. जिथे असे नव्हते तिथे सगळा भार एकदोघांच्या जिद्दीवर पडला. त्याचे सर्वांत मोठे उदाहरण मावळच्या अगदी शेजारी घडले.

१९८० च्या दशकात हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ हे पुण्यातले सामाजिक अभ्यासक गरीब डोंगरी संघटनेच्या बायकांबरोबर मुळशीच्या डोंगरपट्ट्यात काम करत होते. जात्यावरच्या ओव्या हे बायकांनी स्वतःच्या शब्दांत गाऊन जपलेले सामाजिक दस्तऐवज आहेत, असे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी त्या गोळा करायला सुरुवात केली. काम मुळशीतल्या कोळवड्यासारख्या गावांतून पुणे जिल्हाभर आणि मग महाराष्ट्रभर पसरले. १,१०७ गावे, ३,३०२ गायिका आणि १ लाख १० हजारांहून अधिक ओव्या, असा हा संग्रह झाला. त्यातल्या काही भागाचे ध्वनिमुद्रणही झाले. संगीत आणि संगणक या दोन्हींचे जाणकार असलेले बर्नार्ड बेल त्यात आले आणि त्यांनी हा संग्रह संगणकावर नीट बांधून काढला. ओवी कुणी गायली, कोणत्या गावात, तिचा विषय काय, या गोष्टी प्रत्येक नोंदीला जोडलेल्या. सासर, माहेर, भाऊ, कष्ट, सीता, पंढरी, बाबासाहेब, अशा विषयांच्या जाळ्यातून ओवी शोधता येते. नुसत्या ओव्यांच्या वह्या उरल्या असत्या तर आज तो कागदांचा ढीग झाला असता. नोंदी होत्या म्हणून तो संशोधनाचा साठा ठरला.

प्वातवाँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. संग्रह मागे राहिला. २०१७ पासून पी. साईनाथ यांच्या ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने तो आपल्याकडे घेतला आणि एकेक करून प्रकाशित करायला सुरुवात केली. ‘परी’चे लोक पुन्हा त्या गावांत गेले, हयात गायिकांना भेटले, त्यांची छायाचित्रे आणि आयुष्याची हकिगत ओव्यांशेजारी ठेवली. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या डेटाचा माग काढत मूळ माणसापर्यंत जाता आले, ते प्रत्येक नोंदीला नाव आणि गाव असल्यामुळे. मराठीतल्या स्त्रियांच्या अभिव्यक्तीचा एवढा मोठा पुरावा आज टिकून आहे याचा आनंद आहेच. पण या कामाला घर मिळाले ते पत्रकारांच्या पुढाकाराने. महाराष्ट्रातल्या एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला हे आपले काम वाटावे, अशी व्यवस्था आपण केलेली नव्हती. अशी दुसरी किती टाचणे, किती फिती, किती वह्या निवृत्त प्राध्यापकांच्या माळ्यावर आहेत, हे कुणी मोजलेले नाही.

काही विषयांच्या डेटाला स्वतःची घरे आहेत, त्यांची काळजी करायला नको. पुण्यात हवामान विभागाचे राष्ट्रीय डेटा केंद्र आहे. १९०१ पासूनच्या पावसाची पाव अंशाच्या चौकोनांत बसवलेली मालिका तिथून अभ्यासकांना मिळते, आणि मावळातला पाऊस अभ्यासणारा कुणीही तिच्यापासूनच सुरुवात करतो. जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय दुर्बीण आहे. तिच्यावर ज्याने वेळ मिळवला त्याला दीड वर्ष त्या डेटावर अग्रहक्क असतो, नंतर तो संग्रहातून सर्वांना खुला होतो. जीवशास्त्रातल्या जनुकीय क्रमांसाठी २०२२ साली फरिदाबादला भारतीय जैविक डेटा केंद्र सुरू झाले. समाजविज्ञानासाठी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची डेटा सेवा आहे, तिच्यामागेही इन्फ्लिबनेट आहे. शेतीसाठी कृषी संशोधन परिषदेचे ‘कृषी’ पोर्टल आहे.

वडगावच्या भात केंद्राचे उदाहरण इथे पाहण्यासारखे आहे. ज्या इंद्रायणी तांदळाने मावळचे नाव घरोघर नेले, तो आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून याच केंद्रात तयार झाला आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. एक वाण बाहेर पडतो तेव्हा त्याच्यामागे कित्येक हंगामांच्या वाफ्यांच्या नोंदी असतात: कोणत्या ओळीला किती फुटवे आले, फुलोरा किती दिवसांनी आला, करपा किती पडला, दाण्याला वास राहिला की नाही. नाकारलेल्या ओळींच्या नोंदी तर आणखी मोलाच्या, कारण पाऊस बदलतो, रोग बदलतात, आणि कालचा नापास वाण उद्या उपयोगी पडू शकतो. कृषी क्षेत्रात अशा नोंदींची शासकीय पद्धत आहे, अखिल भारतीय समन्वित भात सुधार प्रकल्पात ठिकठिकाणचे निकाल एकत्र होतात. पण त्याच मावळात, त्याच भातावर, एखादा एम.एस्सी.चा किंवा पीएच.डी.चा विद्यार्थी दोन हंगाम जे मोजतो त्याला या चौकटीत जागा सापडेलच असे नाही.

डेटाचा खरा अनाथ भाग तो हाच. मोठ्या दुर्बिणीचा, मोठ्या प्रकल्पाचा डेटा जपला जातो. लहान, एकट्या संशोधकाचा, प्रत्येकाचा वेगळा, मिश्र स्वरूपाचा डेटा कुठल्याच विषयकेंद्रात बसत नाही. तो प्रत्येक विभागात थोडा थोडा तयार होतो, आणि सर्व विभागांना समान असलेली विद्यापीठातली जागा ग्रंथालय हीच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ ने ग्रंथालयाला ज्ञानस्रोत केंद्र म्हटले. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर मु. रा. जयकर यांच्या नावाचे ग्रंथालयही आता जयकर ज्ञानस्रोत केंद्र आहे. पाटी बदलली तशी कामेही वाढावीत अशी अपेक्षा त्या नावातच आहे.

परदेशांत हे काम ग्रंथालयांकडे आले ते अनुदान देणाऱ्यांच्या आग्रहामुळे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने जानेवारी २०११ पासून प्रत्येक अर्जासोबत डेटा सांभाळण्याचा आराखडा मागायला सुरुवात केली. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २५ जानेवारी २०२३ पासून हा नियम आपल्या सर्व संशोधनाला लावला. प्राध्यापक आराखडा घेऊन धावले ते ग्रंथपालांकडे, कारण वर्गीकरण, नोंदणी, दीर्घकाळ जतन आणि परवाने हे विषय त्यांच्याच हाताखालचे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डिजिटल ग्रंथालयाने इतरांच्या साहाय्याने आराखडा लिहिण्याचे साधन तयार केले. पर्ड्यू विद्यापीठाच्या ग्रंथपालांनी विभागाविभागात जाऊन संशोधकांच्या मुलाखती घेतल्या: तुमच्याकडे काय आहे, कोणाला द्यायला तयार आहात, कधी. त्यावर आधारून विद्यापीठाचा डेटासंग्रह उभा राहिला. २०१६ साली ‘सायंटिफिक डेटा’ या नियतकालिकात चार कसोट्या मांडल्या गेल्या, त्या आज सर्वत्र मानल्या जातात: डेटा सापडला पाहिजे, मिळवता आला पाहिजे, दुसऱ्या डेटाशी जोडता आला पाहिजे आणि पुन्हा वापरता आला पाहिजे. त्या चारही कसोट्या चांगल्या ग्रंथालयाला पुस्तकांच्या बाबतीत पूर्वीपासून लागू आहेत.

मावळापुरता विचार केला तर ग्रंथपालाची मदत कुठे लागेल, हे अगदी साध्या गोष्टींतून दिसते. गावाचे नाव घ्या. रोमन लिपीत कान्ह्याची तीन-चार रूपे होतात. वडगाव तर मावळातले वेगळे, शेरीचे वेगळे, बुद्रुक वेगळे. एका विद्यार्थ्याने एक रूप लिहिले, दुसऱ्याने दुसरे, की दोघांचा डेटा जोडता येत नाही. जनगणनेचा किंवा शासकीय निर्देशिकेचा गावाचा संकेतांक पहिल्या दिवसापासून एका रकान्यात लिहिला की हा प्रश्न मिटतो. पण हे त्याला कुणी सांगत नाही. जमिनीच्या अभ्यासात गट आणि हिस्सा १२/३ असा लिहिला की एक्सेल त्याची तारीख करून टाकते आणि मूळ आकडा परत येत नाही. ही आपल्याच गावातली अडचण आहे असे नाही. २०१६ मध्ये झालेल्या पाहणीत एक्सेलच्या याच खोडीमुळे जनुकशास्त्राच्या सुमारे एक पंचमांश निबंधांच्या पुरवणी फायलींत जनुकांच्या नावांच्या चुका आढळल्या होत्या, आणि शेवटी २०२० मध्ये काही जनुकांची नावेच बदलावी लागली.

मराठी डेटाची आणखी एक दुखरी जागा आहे. १९९० नंतरची पंधरा-वीस वर्षे आपण श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी अशा फॉन्टमध्ये टंकलेखन केले. त्या फायलींमध्ये आत रोमन अक्षरांचे संकेतांक असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा आकार देतो. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर मुलाखतीच्या जागी अर्थहीन चिन्हांच्या ओळी दिसतात. मराठी, समाजशास्त्र, इतिहास, लोकसाहित्य या विभागांत त्या काळात उतरवून घेतलेल्या मुलाखती आणि शब्दसूची आज अशाच मुक्या पडल्या आहेत. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत, पण जोडाक्षरे आणि रफार तपासायला मराठी जाणणारा माणूस लागतो. हे काम दहा वर्षांनी करू म्हणून चालणार नाही. ज्यांना कोणता फॉन्ट वापरला होता हे आठवते ते प्राध्यापक आज साठी-सत्तरीत आहेत. मराठी विद्यापीठ ग्रंथालयांनी सर्वांत आधी एखादे काम हाती घ्यायचे असेल तर ते हे, असे माझे ठाम मत आहे.

सगळा डेटा खुला करा, असा मात्र याचा अर्थ नाही. कातकरी ही महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक जमात. वीस-पंचवीस घरांच्या वस्तीत नाव खोडून काही साधत नाही. ‘वस्तीतली एकमेव दहावी झालेली मुलगी’ एवढे लिहिले तरी सगळ्यांना कळते. कर्ज, आजार, दारू, पोलीस यांविषयी माणूस विश्वासाने बोलतो, तो विश्वास डेटाबरोबर ग्रंथालयाकडे येतो. पश्चिम घाटातल्या दुर्मीळ ऑर्किडचे किंवा गिधाडांच्या घरट्यांचे अचूक अक्षांश-रेखांश प्रसिद्ध करणेही घातक. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संशोधन, जतन आणि सांख्यिकी यांसाठी सवलत ठेवली आहे, पण अटींवर: त्या माहितीवरून त्या व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घेतला जाऊ नये आणि ठरवून दिलेली मानके पाळली जावीत. म्हणजे कोणता भाग खुला, कोणता काही वर्षांनी खुला, कोणता फक्त विनंतीवरून, हे ठरवणारी यंत्रणा लागते. संमतीपत्रातच, मराठीत, वाचून दाखवून, ‘ही मुलाखत विद्यापीठात जपून ठेवली तर चालेल का’ हा प्रश्न विचारला गेला नाही तर पुढे काहीच करता येत नाही. पुण्यात के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये सहा गावांतल्या गर्भवती मातांचा अभ्यास सुरू केला आणि त्या मुलांचा माग ती मोठी होईपर्यंत ठेवला. भारतीय बाळ वजनाने कमी पण अंगात चरबी अधिक असे का असते, ते पुढे मधुमेहाकडे कसे जाते, हे त्यातून जगाला समजले. तीस वर्षांची ही साथ गावांनी दिली ती विश्वासावर. डेटा जपण्यात गोपनीयता जपणे येते, हे त्या कामावरून शिकावे.

धोरणांचा विचार करायचा तर केंद्राने २०१२ मध्ये सरकारी डेटा खुला करण्याचे धोरण आणले, २०१४ मध्ये विज्ञान व तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान या विभागांनी आपल्या अनुदानातले शोधनिबंध खुले ठेवायला सांगितले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक देश, एक वर्गणी’ योजना मंजूर झाली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० च्या आसपास संस्था. साते-तळेगावच्या विद्यार्थ्यालाही, त्याची संस्था यादीत असेल तर, जगातले महागडे नियतकालिक वाचता यावे, हे उत्तमच झाले. मात्र ही योजना वाचनाची आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी तयार केलेला डेटा जपण्यासाठी ग्रंथालयाला लागणारी जागा आणि माणसे तिच्यातून येत नाहीत. वाचण्यासाठी जे दिले त्याचा छोटासा हिस्सा स्वतःचे जपण्यासाठी बाजूला काढावा, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

खरी अडचण माणसांची आहे. तंत्र फारसे अवघड नाही. शोधगंगा ज्या ‘डीस्पेस’ सॉफ्टवेअरवर चालते ते आपल्या ग्रंथपालांना ओळखीचे आहे, ग्रंथालय चालवण्याचे ‘कोहा’ तर लहान महाविद्यालयांतही पोचले आहे. हार्वर्डचे ‘डेटाव्हर्स’ आणि सर्नचे ‘झेनोडो’ दोन्ही मोफत आहेत. झेनोडोवर आजही कुणी फाइल ठेवून कायमचा ओळखक्रमांक मिळवू शकतो. पण ठेवण्याआधी फाइल उघडून पाहणारा, रकान्यांची नावे समजून घेणारा, वेगवेगळ्या विषयांची भाषा थोडीथोडी येणारा माणूस लागतो. संलग्न महाविद्यालयात ग्रंथपाल एकटा असतो, देवघेव, नॅकची कागदपत्रे, खरेदी आणि परीक्षेच्या वेळची पर्यवेक्षणे सांभाळून. त्याच्या डोक्यावर आणखी एक काम टाकले तर ते कागदावरच राहील.

त्यावर एक वाट आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या पुढाकाराने काही विद्यापीठ ग्रंथालयांनी आपापले डेटातज्ज्ञ एकमेकांना वापरायला देण्याची सोय केली. एकाकडे भूगोलाचा जाणकार, दुसऱ्याकडे जीवशास्त्राचा. संग्रह आला की ज्याला त्यातले कळते तो तपासतो. मावळातल्या महाविद्यालयांसाठी असा एक डेटा-ग्रंथपाल सामाईक नेमता येईल. सोमवारी तळेगाव, मंगळवारी साते, बुधवारी लोणावळा, असे त्याचे वार ठरलेले असावेत आणि पगार सर्व संस्थांनी मिळून किंवा विद्यापीठाने द्यावा. वडगावच्या भात केंद्रातला आणि लोणावळ्यातला जुना अनुभव त्याच्या मदतीला असेल.

नियमातही दोनच बदल पुरतील. नोंदणीच्या वेळी संशोधन व मान्यता समितीसमोर जो आराखडा जातो त्याला एक पान जोडायचे: कोणता डेटा जमेल, कुठे ठेवणार, दुसरी प्रत कुठे, संमती कशी घेणार. सहामाही प्रगती अहवालात त्यावर दोन ओळी. आणि प्रबंध सादर करताना साम्य-अहवालासोबत डेटाही ग्रंथालयात जमा करून त्याची पोच जोडायची. तो बंद ठेवायचा असेल तर बंद, कारण आणि मुदत लिहून. पोच द्यायची ती ग्रंथपालाने, फाइल उघडून पाहिल्यावरच. उघडत नसेल, फॉन्ट नसेल, रकान्यांचा खुलासा नसेल तर परत पाठवण्याचा अधिकार त्याला हवा, जसा साम्य जास्त आले तर प्रबंध परत पाठवण्याचा अधिकार आज व्यवस्थेला आहे.